उरलेल्या फरश्यांची नदी

आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो तो ओळंबा. हे त्याचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. खरं नाव त्याला स्वतःलासुद्धा दवाखान्यात केसपेपर काढतानाच आठवतं. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. हा माणूस तसाच. उंच, बारीक, आणि सगळा भार खाली गुडघ्यांत. नाव मीच ठेवलं. नावं ठेवणं हा माझा जुना धंदा. या गल्लीत माझ्या तावडीतून एकटा आमचा कुत्रा सुटला, कारण त्याचं नाव आमच्या हिने ठेवलं.

ओळंब्याने जन्मभर फरश्या बसवल्या. दुसऱ्यांच्या. हे काम उभ्याने होत नाही, बसूनही होत नाही. गुडघे टेकूनच करावं लागतं. देवापुढे टेकले असते तेवढे गुडघे, तर एव्हाना काहीतरी पदरात पडलं असतं. सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने टकटक करायचं, पाणसळ लावून बुडबुडा मध्यावर आला का बघायचं, आणि मग वीतभर मागे सरकायचं. असा मागे सरकत सरकत हा माणूस म्हातारा झाला. आणि ज्या घरात महिनाभर रांगला त्याच घरात शेवटचा हिशेब करायला गेला, की मालकीणबाई दारातच म्हणायच्या, चपला बाहेर काढा हं, नवी फरशी आहे.

हे तो आम्हाला हसून सांगायचा. त्याच्या बायकोला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

बायको म्हणजे घडीबाई. हेही नाव माझंच. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सबंध दिवस पांढऱ्या चादरी, कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, घडीवर घडी. तिथल्या फळ्यांवर चादरींच्या थप्प्या अशा लागायच्या, की सुरीने कापल्यासारख्या. तिथून ती घरी यायची, आणि घरात पाऊल टाकलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. त्या आठीचं कारण पायाखाली होतं.

फरशी कितीही मोजून आणली, तरी तुटफूट धरून चार जास्त आणतात. काम संपलं की त्या चार उरतात. मालकाला अडगळ नको असते, तो म्हणतो, घेऊन जा बाबा. बाकीचे कारागीर त्या पुढच्या वळणावर टाकून मोकळे होतात. ओळंबा घरी आणायचा. टाकवायचंच नाही त्याला. चांगली फरशी आहे, हिने कोणाचं काय घोडं मारलंय, म्हणायचा. आणि त्या उरलेल्या फरश्यांनीच त्याने स्वतःच्या दोन खोल्या भरल्या. चुलीपुढे हिरव्या, दाराशी काळ्या, पलंगाखाली गुलाबी फुलांच्या, खिडकीत निळ्या. कुठली जाड, कुठली पातळ. टेबल कुठेही ठेवा, एक पाय हवेत. त्यांच्याकडे चहाला गेलं, की कप आधी कुठल्या बाजूला कलंडतो ते बघायचं आणि मग त्या बाजूला बसायचं नाही, असा आमचा शिरस्ता.

घडीबाईला प्रत्येक फरशीची कुळी पाठ होती. नव्या पाहुण्याला ती दाखवायचीसुद्धा. ही बँकेची. ही वकिलांची बाल्कनी. ही बेकरीची भट्टीपुढची. आणि ही निळी डॉक्टरांच्या संडासातली. पाहुणा नेमका त्याच निळ्यावर ताट घेऊन बसलेला असायचा. सगळे हसायचे. मीही पोट धरून हसायचो. एकदा ती हसणं थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "जन्म गेला माझा, भाऊजी, लोकांच्या संडासात जेवण्यात."

त्यानंतर मला त्या घरात तितकंसं हसायला आलं नाही. नाही म्हणजे, हसलो. पण जपून.

त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. नवरा फिरतीवर, नोकरी स्वतःची, घरात तान्हं मूल. घडीबाई धुलाईखान्यातून निवृत्त झाली आणि मुलीकडे मदतीला गेली. पंधरा दिवसांची बोली होती. पंधरा दिवस गेले, महिना गेला, मूल रांगायला लागलं, चालायला लागलं, आजीला आजी म्हणून हाक मारायला लागलं, आणि घडीबाई काही परत येईना. भांडण नाही, तंटा नाही. गेली ती राहिली. गल्लीत कुजबूज होणारच. त्यात निम्मी माझी.

शेवटी ओळंब्याने फोनवर विचारलं, तू येणार कधी. तिने सांगितलं ते त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं. म्हणाली, "घरभर एकसारखी फरशी लावा. त्या दिवशी येते."

एवढंच. दागिना नको, मोठं घर नको. एकसारखी फरशी. आणि मागणं कोणाकडे, तर फरशी बसवणाऱ्याकडे. आमची ही म्हणाली, ह्याच्यापेक्षा सोपी बायको मिळायची नाही कोणाला.

दोघं मिळून फरशीच्या दुकानात गेली. लग्नानंतर दोघं एकत्र कुठे खरेदीला गेल्याचं मला तरी आठवत नाही. मला कळलं ते असं, की दुकानातला पोऱ्या लाकडासारखी दाखवतोय, संगमरवरासारखी दाखवतोय, सोनेरी रेघेची दाखवतोय, आणि घडीबाई मान हलवतेय. तिने दिवेलागणीपर्यंत वेळ घेतला. शेवटी एक साधी निवडली. ना फूल, ना रेघ. दुधात थोडं पाणी घातल्यावर येतो तसला रंग. दुकानदाराला तिने दोनदा विचारलं, की सगळ्या पेट्यांतला रंग एकच असेल ना. मग त्या फरशीवर तळहात फिरवला, चादरीवरची सुरकुती काढतात तसा. पेट्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि आतल्या बोळात भिंतीला लागून रचल्या गेल्या. घडीबाई मुलीकडे परत गेली, पण या वेळी आमच्या हिला सांगून गेली, की परत येताना उशी घेऊन येईन. आपली उशी नेली होती तिने. ज्या घरी राहायचं तिथे उशी, असा तिचा हिशेब.

इथपर्यंत सगळं नीट होतं. घोड्याने पेंड खाल्ली ती गुडघ्यांपाशी.

ओळंब्याचे दोन्ही गुडघे तोवर कामातून गेले होते. डॉक्टरने (निळ्या फरशीवाल्या नव्हे, दुसऱ्या) सांगितलं, सूज उतरेपर्यंत पाय लांब करून बसायचं, आणि पुढे तर गुडघे टेकायचेच नाहीत. घरात दुसरा कारागीर आणायचा म्हटल्यावर ओळंबा पेटलाच. माझ्या घरात दुसरा हात? सूज उतरू दे, मग बघतो म्हणाला. तर मुलीने बापाचं मन रमावं म्हणून आपला जुना टॅब आणून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. म्हणाली, बाबा, डोकं शांत राहील.

आता मला वाटलं होतं, की म्हातारा पत्ते खेळेल, नाहीतर गोळ्या झाडेल. माझ्या खिडकीतून त्याची खिडकी दिसते. ती बांधणाऱ्याची चूक, माझी नव्हे. बघतो तर हा मान खाली घालून तासन्‌तास बसलेला, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. न राहवून गेलो. बघतो तर काय? फरश्या.

मी म्हटलं, "ओळंब्या, जन्मभर फरश्या लावल्यास, आणि निवृत्तीत काय, तर फरश्या?"

तो म्हणाला, "बस दादा. ह्या वेगळ्या आहेत."

त्याने दाखवलं ते असं. एका बाजूला फरश्यांचा ढीग. सहा कोनी, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारख्या. वरची एकच दिसते. तिच्या एका अंगाला झाडी असते, एका अंगाला शेत, एका अंगाला दोन कौलारू घरं, कधी नदीचा तुकडा. ती बोटाने फिरवायची आणि आधीच्या मांडलेल्या फरशीला लावायची. झाडीला झाडी लागली तर रान वाढतं. पाण्याला पाणी लागलं तर नदी पुढे जाते. सगळ्या बाजू जुळल्या तर हलकी घंटा वाजते आणि ढिगात चार फरश्या वाढतात. आणि हातातली मांडल्याशिवाय पुढची मिळत नाही. झालं. एवढाच खेळ.

मी विचारलं, जिंकायचं कसं?

"जिंकायचं नसतं."

मग हरायचं कसं?

"हरायचंही नसतं. फरश्या संपतात."

आणि संपल्यावर?

"मग बघायचं," म्हणाला. "लांबून. केवढं झालंय ते."

मी म्हटलं हे तर अगदीच पेंगुळलेलं प्रकरण दिसतंय. आण इकडे. आणि म्हणून हातात घेतलं. ते खाली ठेवलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते, माझा चहा निवून त्यावर साय धरली होती, आणि आमची ही त्याच्या दारात उभी राहून विचारत होती, की इथेच अंथरूण पाठवू का. काय होतं त्यात, मला सांगता येत नाही. कोणी पाठी लागत नाही. घड्याळ नाही. चुकलं तर कोणी ओरडत नाही, नुसती घंटा वाजत नाही, एवढंच. एक तुकडा हातात येतो. तो आपण मागितलेला नसतो. पण फिरवता येतो. फिरवता फिरवता त्याची जागा सापडते, आणि सापडली की छातीत कुठेतरी कोपऱ्याला कोपरा लागतो.

ओळंब्याने मात्र नेमकं सांगितलं. म्हणाला, "दादा, ह्यात भिंत नाही. भिंत आली की फरशी कापावी लागते. जन्मभर मी मोजमाप घेऊन कापत आलो. इथे जमीन आपण लावू तिथपर्यंत पुढे जाते." हातातली फरशी फिरवत म्हणाला, "आणि खाली माल कमी पडून पोकळ वाजत नाही कुठली."

सूज उतरली. पेट्या बोळात तशाच होत्या. घडीबाईचा फोन यायचा, सूज कशी आहे, लागतेय का फरशी. हा म्हणायचा, आता घेतोच हातात. हातात टॅब असायचा. मी चेष्टा करायचो, की अरे, त्या नदीवर धरण बांधून बायको येणार नाही तुझी. तो हसायचा आणि फरशी फिरवायचा.

मग एक दिवस त्याने मला खिडकीतूनच खुणेने बोलावलं. गेलो तर हा खोलीच्या मध्यभागी उभा, टॅब छातीशी धरलेला, आणि बघतोय खाली. स्वतःच्या फरशीकडे. डॉक्टरांच्या निळ्याला बँकेची काळी लागून होती, तिला बेकरीची मातकट, पलीकडे वकिलांची हिरवी. मला म्हणाला, "दिसतंय का?"

मला काही दिसलं नाही. त्याला नदी दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातून ठोकाठोक ऐकू यायला लागली. गल्लीला आनंद झाला. लागली एकदाची फरशी. पण आमच्या हिला संशय आला. ती वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने जाऊन आली आणि रिकामी वाटी घेऊन परतली. म्हणाली, पेट्या बंदच आहेत. त्याने जुनी फरशी उखडलीय, माळ्यावरच्या उरलेल्या काढल्यात, पलंगाखालच्या काढल्यात, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रचून ठेवलेल्या आणल्यात, आणि सगळ्या कापत बसलाय. सहा कोनी.

माझी ही तोंडाची फटकळ, पण मनाची नव्हे. तिने त्याला समोर बसवून सांगितलं, "भावजी, तिने निवडलेल्या पेट्यांना तुम्ही हात लावलेला नाही."

तो म्हणाला, "वहिनी, तसली फरशी केव्हाही लावता येते. चार दिवसांचं काम आहे. हे तिने बघितलंच नाहीये कधी."

"तिला बघायचंय का पण?"

"बघितल्यावर बघेल ना," म्हणाला. आणि परत गुडघ्यांवर गेला.

हो, गुडघ्यांवरच. ज्यांना टेकायची बंदी होती त्या गुडघ्यांना जुन्या उशीचे तुकडे बांधून. संध्याकाळी त्याला उठवत नसे. भिंत धरून, मग खुंटी धरून, मग दाराची चौकट धरून तो उभा राहायचा, आणि उभा राहिल्यावर आधी मागे वळून फरशीकडे बघायचा. गल्लीतले लोक एकेक करून डोकावून जायला लागले. मी स्वतः नावं ठेवायला गेलो होतो. नाव सुचलं नाही.

खरं सांगतो, तसं काम मी पाहिलेलं नाही. दाराच्या उंबऱ्यापाशी निळी नदी सुरू व्हायची. डॉक्टरांची गडद निळी, मग एका शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळची फिकी, मग कुठल्याशा पोहण्याच्या तलावातली चमकती. ती खोलीतून वळण घेत चुलीपाशी रुंद व्हायची. दोन्ही काठांना हिरव्या दहा तऱ्हांचं रान. त्यापलीकडे बेकरीच्या मातकट फरशीचं नांगरलेलं शेत. पलंगाच्या बाजूला गुलाबी फुलांच्या फरशीची बाग, आणि बँकेच्या काळ्या फरशीचा रस्ता थेट मोरीपर्यंत. जाड-पातळ होत्या त्या त्याने खालून घासून, माल कमीजास्त करून एका पातळीत आणल्या होत्या. टेबल ठेवून बघितलं मी. हललं नाही.

फोनवर घडीबाई विचारायची, लागतेय का. तो म्हणायचा, लागतेय. बघायला येऊ? झाल्यावरच ये. ती आमच्या हिलाही फोन करायची, कशी दिसतेय गं. ही म्हणायची, काम मोठं करतायत. एवढं बोलून विषय बदलायची. घडीबाईने तिकडे मुलीच्या शेजारणींना सांगून झालं होतं, की आमच्याकडे फरशी लागतेय, सगळीकडे एक.

आली ती एका सकाळी. मुलगी बरोबर, मुलीच्या कडेवर मूल. घडीबाईच्या एका हातात पिशवी, आणि काखेत उशी, स्वच्छ अभ्रा घातलेली. जिन्यावर आम्ही सगळे जमलो होतो. काहीतरी काम असल्यासारखे. ओळंब्याने दाढी केली होती. दार त्याने उघडलं आणि बाजूला उभा राहिला, चौकट धरून.

तिने चपला काढल्या. कोणी न सांगता.

आधी मुलगीच बोलली. बाबा, काय सुंदर केलंय, म्हणाली, आणि फोन काढून फोटो घ्यायला लागली. मूल कडेवरून उतरून नदीवरून चालायला लागलं. घडीबाई उंबऱ्याच्या आत दोन पावलं येऊन थांबली होती. तिने खाली बघितलं. मग बोट केलं आणि हळू आवाजात वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तशी. ही डॉक्टरांची. ही वकिलांची बाल्कनी. ही बेकरी. ही बँक. ही त्या दोन भावांच्या घरातली, ज्यांनी तुम्हाला मागच्या दाराने ये सांगितलं होतं. ओळंबा मान डोलवत होता. त्याला वाटलं, बायकोने सगळं ओळखलं. ओळखलंच होतं तिने.

तो खुशीत येऊन म्हणाला, "अगं, सगळंच्या सगळं बसलं बघ. एक तुकडा वाया गेला नाही."

आमच्या हिने माझं मनगट धरलं ते मला अजून आठवतंय.

घडीबाईने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही कधीच काही वाया जाऊ दिलं नाहीत. मलासुद्धा लोकांच्या उरलेल्यात नीट बसवलंत."

मग ती काळ्या रस्त्यावरून आतल्या बोळात गेली. पेट्यांवर धूळ होती. तिने वरच्या पेटीवरची धूळ तळहाताने पुसली, हात झटकला, आणि तशीच बाहेर आली. चहा ठेवला होता, नको म्हणाली. उशी काखेतून तिने खाली ठेवलीच नव्हती. ओळंबा म्हणत होता, अगं त्या लावतो ना, उद्या लावतो, ह्याच्यावरच लावतो हवं तर. ह्याच्यावर. स्वतःच्या तोंडाने म्हणाला. ती जिना उतरताना म्हणाली, गुडघ्यांना काही लावा, सुजलेत.

आम्ही जिन्यावरचे सगळे एकदम कामाला निघालो. मला त्या दिवशी कोणालाही काही सांगावंसं वाटलं नाही. त्यावरून काय ते समजा.

पुढे गंमत अशी झाली, की मुलीने काढलेले फोटो कुठून कुठे गेले. अनोळखी लोक फरशी बघायला यायला लागले. एक इमारती बांधणारा साहेब आला, त्याने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून विचारलं, आमच्या बंगल्यात असंच करून द्याल का. ओळंबा म्हणाला, "ह्याला उरलेलं लागतं, साहेब. तुमच्याकडे आहे का जन्मभराचं?" साहेबाला वाटलं, म्हातारा विनोदी आहे.

पेट्या न्यायला मुलीने टेंपो पाठवला. ओळंब्याने एकही पेटी उचलली नाही, आणि अडवलीही नाही. हमाल काळ्या रस्त्यावरून, नदीवरून ये-जा करत होते, आणि हा फक्त म्हणत होता, घासू नका, उचलून न्या.

मुलीच्या घरात आईची म्हणून एक खोली आहे. तिथे ती फरशी लागली. बसवणारा दुसरा होता.

परवा ओळंबा मला म्हणाला, दादा, येतोस का मुलीकडे. एकट्याला जिना चढवत नाही आता त्याला, काठी घेऊनसुद्धा. गेलो. घडीबाईने दार उघडलं, या म्हणाली, अगदी प्रेमाने. खोली बघितली. दुधात पाणी घातल्याच्या रंगाची, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकसारखी. वर पलंगावर पांढरी चादर, एक सुरकुती नाही. उशी जागेवर. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः पलंगाच्या कडेला बसली, आणि चहाच्या आधी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मला वाटतं, तिला त्या खोलीत कोणीतरी बघायला हवं होतं.

ओळंबा काठी खिडकीजवळ टेकवायला गेला, तेव्हा टोक फरशीवर लागून आवाज आला. डब. मला काही कळलं नाही. काठीचा आवाज तो. पण तो जरा थांबला, आणि तिनेही कप भरता भरता हात थांबवला. मग ती उठली, कोपऱ्यातली फुलझाडाची कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिने त्या जागेवर नीट ठेवली, आणि म्हणाली, "चहा घ्या. निवतोय."

परत येताना बसमध्ये मी त्याला विचारलं, काय झालं मघाशी. म्हणाला, खिडकीजवळची पोकळ बसलीय. खाली माल नीट भरला नाही. आज ना उद्या तडकेल.

मी म्हटलं, "मग सांगायचं की तिला. नाहीतर म्हणायचं, मी बसवून देतो. हातचं काम आहे तुझ्या."

"तिला माहीत आहे," म्हणाला. "फरशीवाल्याच्या बायकोला पोकळ कळत नाही होय? तिला ती चालते."

मग त्याने पिशवीतून टॅब काढला आणि मांडीवर घेतला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. मोठी नदी होती, रान होतं, ढिगात थोड्याच फरश्या राहिल्या होत्या. हातात आलेली जरा विचित्र होती. एका अंगाला घरं, एका अंगाला पाणी, बाकी सगळं शेत. त्याने ती फिरवली. परत फिरवली. नदीच्या टोकाशी धरून बघितली, रानाशी धरून बघितली, काढून घेतली.

मी म्हटलं, ठेव की कुठेतरी, घंटा नाही वाजली तर नाही वाजली. पुढची तरी येईल.

त्याने मान हलवली. आमचा थांबा आला, उतरायचं म्हणून मी त्याचा दंड धरला, तरी ती फरशी त्याच्या बोटाखाली फिरतच होती.